विद्यार्थी लघुपटाची पहिली दोन मिनिटे : स्टोरीबोर्ड कसा करावा आणि सेटवर तो कसा बदलावा

विद्यार्थ्यांच्या लघुपटाची सुरुवात बिघडते ती बहुतेक वेळा दोन उलट्या सवयींपैकी एकीमुळे. काही गट स्टोरीबोर्ड (चित्रीकरणाआधी प्रत्येक शॉट एकेका चौकटीत चित्राने मांडलेला आराखडा) म्हणजे प्रकल्पाच्या फाइलला जोडायचा कागद समजतात. तो घाईत काढला जातो आणि सेटवर कोणी उघडूनही पाहत नाही. दुसरे गट त्याला इतके चिकटून राहतात की ढग आले, बस चुकली किंवा शेजारच्या देवळात लाऊडस्पीकर लागला, तरी कागदावर होते तेच हवे म्हणून अर्धा दिवस घालवतात आणि कथेला ज्याची खरी गरज होती तो शॉट न घेताच परत येतात. दोन्हींचे मूळ एकच आहे. चौकटीत काय दिसते हे लिहिलेले असते, पण ती चौकट कशासाठी आहे हे कुठेच लिहिलेले नसते. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत, कारण नंतरचा प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यातील लेखी नोंदीवर उभा आहे.

समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. पहाटे एक तरुणी गावच्या फाट्यावर एसटीतून उतरते, बोळातून आजोबांच्या बंद घरापर्यंत येते, जुनी किल्ली काढते आणि दाराला नवे कुलूप लागलेले पाहते. संवाद जवळजवळ नाहीत. लांबी २ मिनिटे.

टप्पा १ : चित्राआधी माहितीचा क्रम लिहा

पहिल्याच दिवशी पेन्सिल हातात घेऊन चौकटी काढू नका. प्रेक्षकाला कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने कळली पाहिजे, ते साध्या वाक्यांत लिहा. आपल्या उदाहरणात ती वाक्ये पाच आहेत :

१. ही मुलगी लांबून आली आहे.
२. हे घर तिच्या ओळखीचे आहे.
३. घराची किल्ली तिच्याजवळ आहे.
४. कुलूप कोणीतरी बदलले आहे.
५. घरात आत्ता कोणीतरी आहे.

तिसरे वाक्य चौथ्याच्या आधीच यायला हवे. चकचकीत कुलूप आधी दिसले आणि किल्ली नंतर निघाली, तर प्रेक्षक मुलीच्या पुढे जातो आणि तिचा धक्का त्याला जाणवत नाही. असे क्रम कागदावर पक्के झाले की सेटवर काय हलवता येईल आणि काय हलवता येणार नाही, याचा निर्णय आपोआप अर्धा झालेला असतो.

प्रत्येक वाक्य कशातून दिसेल हेही इथेच ठरवा. ‘घर ओळखीचे आहे’ हे सांगण्यासाठी मुलीला भिंतीवरून हात फिरवायला लावणे हा पहिल्यांदा सुचणारा आणि सर्वांत कमजोर मार्ग आहे. ओट्याची एक पायरी तुटलेली आहे आणि मुलगी खाली न पाहता नेमकी तीच पायरी ओलांडते, एवढ्यात ते काम होते आणि ते कॅमेऱ्याला स्पष्ट पकडता येते.

तपासणी : तुमच्या यादीतील एखादे वाक्य ‘तिला एकटे वाटते आहे’ अशा प्रकारचे असेल, तर ते कृतीत किंवा वस्तूत उतरेपर्यंत पुढे जाऊ नका.

टप्पा २ : रेकी आधी, चौकटी नंतर

घरी बसून काढलेल्या चौकटींत नेहमी एक भिंत कमी असते. प्रत्यक्ष बोळ सहा फुटांचा निघतो आणि कागदावरचा रुंद शॉट तिथे मावतच नाही. म्हणून जागा पाहिल्याशिवाय स्टोरीबोर्ड सुरू करू नये, आणि जागा पाहायची तीही चित्रीकरण ज्या वेळी होणार त्याच वेळी. दुपारी पाहिलेले पहाटेचे घर वेगळेच असते.

रेकीला कागद, मोजपट्टी आणि ज्यावर चित्रीकरण होणार तोच कॅमेरा किंवा मोबाइल न्या. खालील नोंदी करा :

– दाराचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि ऊन किती वाजता कुठे पडते. पश्चिमाभिमुख दार सकाळभर सावलीत राहते, त्यामुळे तिथे कुलपाचे जवळचे शॉट निवांत घेता येतात. पूर्वाभिमुख दारावर सूर्य वर येताच धातू चमकतो आणि तपशील पुसला जातो.
– सूर्योदयाची वेळ. पुण्यात डिसेंबरअखेर तो सुमारे सातला होतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या आसपास. मेच्या मध्याला पुणे-मुंबईच्या पट्ट्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, त्यामुळे त्या दिवसांत चेहऱ्याचे शॉट दुपारी उघड्यावर ठेवू नयेत.
– बोळाच्या टोकापासून दारापर्यंत चालायला लागणारा वेळ, घड्याळ लावून.
– आवाज : देवळाची घंटा, पाण्याचा टँकर, गिरणी, शाळेची प्रार्थना, प्रत्येकाची वेळ.
– विजेचे प्लग, सावलीची जागा, मंडळींना बसायची आणि कपडे बदलायची सोय.

घरमालकाची संमती लेखी घ्या. एसटी स्थानक आणि रेल्वेची हद्द यांसाठी आधी स्वतंत्र परवानगी लागते, आणि ‘आम्ही विद्यार्थी आहोत’ हे तिचे उत्तर होऊ शकत नाही. परवानगी वेळेत मिळणार नसेल, तर ते आत्ताच मान्य करून जागा बदला.

शेवटी जमिनीचा नकाशा काढा : वरून पाहिल्यासारखे घर, बोळ, पायरी, दार, उन्हाचा बाण आणि मुलीची वाट. स्टोरीबोर्डपेक्षा हा नकाशा सेटवर जास्त वेळा उघडला जातो, असा माझा अनुभव आहे.

टप्पा ३ : चौकटी काढणे

चित्रपट १६:९ मध्ये होणार असेल तर चौकटही १६:९ चीच हवी. ८ सेंमी × ४.५ सेंमी हे माप सोयीचे आहे. ए-४ कागदावर दोन ओळींत मिळून सहा चौकटी, खाली लिहायला जागा ठेवूनही, बसतात. मी मात्र प्रत्येक चौकट स्वतंत्र जाड कार्डावर काढण्याचा आग्रह धरीन, कारण कार्डे टेबलावर मांडून क्रम बदलता येतो.

चित्रकला चांगली नसली तरी चालते. चित्रातून चार गोष्टी कळल्या म्हणजे पुरे : माणूस चौकटीत किती मोठा आहे, तो कोणत्या बाजूला पाहतो, कॅमेऱ्याची उंची किती आहे, आणि काय हलते. हालचाल बाणाने दाखवा. माणूस हलत असेल तर बाण चौकटीच्या आत, कॅमेरा हलत असेल तर बाहेर. हा फरक पाळला नाही तर पॅन (कॅमेरा जागेवरूनच बाजूला वळवणे) आणि चालणे यांत सेटवर गोंधळ होतो.

आपल्या उदाहरणाच्या बारा चौकटी अशा : १ ते ३ फाटा, बस आणि तिचा चेहरा, ४ बोळाचा रुंद शॉट, ५ तुटकी पायरी, ६ दारापाशी पाठमोरी, ७ पिशवीतून निघणारी किल्ली, ८ कुलूप, ९ किल्लीचे टोक आत जात नाही, १० चेहरा, ११ खिडकीतला दिवा विझतो, १२ घराच्या आतून, फटीतून दिसणारी ती.

सातवी, आठवी आणि नववी या चौकटी जरा बारकाईने पाहू, कारण बहुतेक गट या तिन्ही मिळून एक मध्यम शॉट काढतात आणि मग प्रेक्षकाला काय घडले ते कळतच नाही. सातव्या चौकटीत किल्ली तळहातावर सपाट दिसते. ती पितळेची, काळवंडलेली आहे आणि तिला मळका दोरा बांधलेला आहे. आठव्या चौकटीत कुलूप निम्मी चौकट व्यापते, मागचे लाकूड गडद आणि जुने, त्यामुळे कुलपाचा नवेपणा न सांगता दिसतो. नवव्या चौकटीत कॅमेरा बाजूला सरकतो, म्हणजे किल्लीचे टोक भोकावर अडते ते स्पष्ट दिसते. कॅमेरा समोर ठेवला तर हातच आड येतो. मोबाइलवर घेणार असाल तर ध्यानात ठेवा की मुख्य लेन्स फार जवळच्या वस्तूवर फोकस धरत नाही आणि काही मोबाइल अशा वेळी आपोआप वाइड लेन्सवर जातात. थोडे मागे सरून लांबची लेन्स वापरणे हाच उपाय, आणि तो रेकीच्याच दिवशी तपासून पाहायचा.

खबरदारी : मुलगी बोळातून डावीकडून उजवीकडे येत असेल, तर दारापर्यंतच्या सर्व चौकटींत तिची दिशा तीच ठेवा. कॅमेरा वाटेच्या दुसऱ्या बाजूला गेला की ती परत फिरल्यासारखी दिसते. बाजू बदलायचीच असेल, तर मध्ये थेट समोरून किंवा पाठीमागून घेतलेली एक चौकट ठेवा.

सुरुवातीवर श्रेयनामावली येणार असेल तर तिची जागा चौकटीतच आखा, कारण नंतर ती नेमकी चेहऱ्यावर बसते. देवनागरीला वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांसाठी रोमनपेक्षा जास्त उंची लागते. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे तुटत नाहीत ना, हेही युनिकोड फॉन्ट वापरून आधीच पाहा. सात ते दहा या चौकटींवर कोणतेही नाव नको. प्रेक्षक वाचत असताना पाहत नाही.

टप्पा ४ : प्रत्येक चौकटीखाली काम आणि प्रत

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. प्रत्येक चौकटीखाली ‘काम’ असा रकाना करून एक वाक्य लिहा. चौकट ५ : ‘घर तिच्या ओळखीचे आहे हे कळते.’ चौकट ११ : ‘आत कोणीतरी आहे आणि त्याला लपायचे आहे.’ वाक्य सुचत नसेल तर ती चौकट बहुधा केवळ सुंदर दिसते म्हणून आलेली असते.

नंतर महत्त्वाप्रमाणे प्रत द्या. ‘अ’ म्हणजे हिच्याशिवाय कथा कळत नाही. ‘ब’ म्हणजे हे काम दुसऱ्या मार्गाने करता येईल. ‘क’ म्हणजे सोडता येईल. बारा चौकटींत ‘अ’ पाचांपेक्षा जास्त नसाव्यात. आपल्याकडे त्या ७, ८, ९, १० आणि ११ आहेत. दिग्दर्शकाला सर्वांत प्रिय असलेली चौकट ४, म्हणजे धुक्यातला लांब बोळ, ‘ब’ मध्ये जाते, आणि ती तिथे जाऊ देण्याची तयारी आधीच व्हावी हाच या टप्प्याचा उपयोग.

तपासणी : पटकथा न वाचलेल्या मित्राला कार्डे क्रमाने दाखवा आणि गोष्ट सांगायला लावा. मध्ये काही समजावू नका. ‘कुलूप बदललंय’ हे त्याच्या तोंडून आपणहून आले नाही, तर दुरुस्ती ८ आणि ९ मध्ये करायची आहे.

टप्पा ५ : वेळेची चाचणी

कार्डांचे फोटो एडिटिंगच्या टाइमलाइनवर ठेवा, प्रत्येकाला अंदाजे सेकंद द्या आणि खाली कच्चा आवाज लावा. बोळातील चालण्याला कागदावर सहा सेकंद दिलेले असतात आणि रेकीत मोजलेला वेळ त्याच्या तिप्पट निघतो. तेव्हा तो शॉट चालण्याच्या मधूनच सुरू करायचा की दोन तुकडे करायचे, हे इथे फुकट ठरवता येते.

टप्पा ६ : चित्रीकरणाचा क्रम

कथेच्या क्रमाने चित्रीकरण करू नये. क्रम ठरवताना पहिला विचार प्रकाशाचा, दुसरा ‘अ’ प्रतीचा आणि तिसरा कॅमेऱ्याच्या जागेचा. नवख्या गटाला एका सेटअपला, म्हणजे कॅमेरा आणि प्रकाशाच्या एका मांडणीला, अर्धा तास धरावा लागतो. फाट्याच्या तीन चौकटी दुसऱ्या पहाटेसाठी ठेवल्या, तर घराच्या नऊ चौकटींचे सात सेटअप होतात, म्हणजे विश्रांती सोडून साडेतीन तास.

खिडकीतला दिवा केवळ अंधूक उजेडात दिसतो, म्हणून ११ सूर्योदयापूर्वी. लगेच ४, कारण मऊ प्रकाश थोडाच वेळ टिकतो. मग एकाच जागेवरून १० आणि ६, अभिनेत्री ताजी असताना. त्यानंतर ७, मग ८ आणि ९. या जवळच्या शॉटमध्ये बांगडी आणि बाही तीच असेल तर हात दुसऱ्या कोणाचाही चालतो, म्हणून ते नंतर. ५ आणि १२ शेवटी. डिसेंबरात हे करायचे तर मंडळी पहाटे साडेपाचला जागेवर हवीत आणि पहिला सेटअप अंधारातच लागला पाहिजे. सहाची वेळ देऊन सातला पोहोचणाऱ्या गटाने चौकट ११ तिथेच गमावलेली असते.

खबरदारी : कॅमेरा ऑटोवर ठेवू नका. फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० ठेवा; आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखालीही चित्र लपलपत नाही. व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) आणि एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण) प्रत्येक सेटअपला पक्के करा.

टप्पा ७ : सेटवर योजना बदलणे

अडचण आली की बहुतेक गट यादीच्या शेवटचे शॉट काढून टाकतात. ही सर्वांत घातक चूक आहे, कारण शेवटी काय उरले हे महत्त्वावर नव्हे, योगायोगावर ठरते. चित्र बाजूला ठेवा आणि चौकटीचे ‘काम’ मोठ्याने वाचा. मग पुढील मार्ग याच क्रमाने तपासा.

पहिला, वेळ बदलणे : ही चौकट थांबवून दुसरी आत्ता घेता येईल का? दुसरा, कोन किंवा आकार बदलणे. तिसरा, दोन चौकटींचे काम एका शॉटमध्ये बसवणे. चौथा, ते काम आवाजाकडे देणे. पाचवा, चौकट सोडणे, आणि हा ‘अ’ चौकटीला लागू नाही.

बस थांबलीच नाही असे समजा. चौकट १ चे काम ‘ती लांबून आली आहे’ एवढेच आहे. बस दाखवणे हे काम नव्हते. मुलीच्या चेहऱ्यावरून सरकणारा हेडलाइटचा उजेड, दूर जाणाऱ्या इंजिनाचा आवाज आणि पायाशी ठेवलेली बॅग, एवढ्यावर ते भागते, आणि परवानगीचा प्रश्नही उरत नाही. उजेड मोटारसायकलचा घ्या. इंजिनाचा आवाज मात्र खऱ्या एसटीचाच, वेगळा ध्वनिमुद्रित केलेला असावा. तो आवाज प्रेक्षक चटकन ओळखतो.

ऊन-सावलीचा खेळ सुरू झाला तर रुंद शॉटला थांबावे लागते, जवळच्याला नाही. तेवढ्या वेळात मुलीला ओट्याच्या सावलीत आणून थर्माकोलचा पांढरा तक्ता समोर धरून १० घेता येते. फक्त चेहऱ्याची उजळ बाजू कोणती ते लिहून ठेवा आणि पुढे तीच ठेवा.

लाऊडस्पीकर लागला तर आधी जाऊन विनंती करा. गावात ती बहुधा ऐकली जाते. तोवर ज्या चौकटींचा आवाज नंतर बसवता येतो त्या घ्या : किल्ली, कुलूप, पायरी. मागे गाणे वाजत असताना घेतलेला आवाज वापरला, तर प्रत्येक कटला गाणे तुटलेले ऐकू येते आणि शिवाय त्या गाण्याच्या हक्कांचाही प्रश्न येतो.

चौकट ११ ची वेळ निघून गेली, उजाडले आणि दिवा दिसत नाही. ‘अ’ असल्याने सोडता येत नाही. काम आहे ‘आत कोणीतरी आहे आणि त्याला लपायचे आहे’. मग खिडकीचे दार आतून हळूच ओढले जाते आणि कडी लागल्याचा आवाज येतो, एवढे पुरते; माझ्या मते ते मूळ कल्पनेपेक्षा सरस आहे. मात्र दिवा चौकट ४ मध्येही मागे दिसणार होता, त्यामुळे तिथूनही तो काढावा लागेल. एक चौकट बदलली की तिच्या शेजारच्या आणि तीच वस्तू दाखवणाऱ्या सगळ्या चौकटी पाहण्याची शिस्त म्हणून हवी.

कधी बदल आनंदाचाही असतो : अचानक धुके उतरते, ओट्यावर मांजर येऊन बसते. आधी ठरलेल्या प्रकाशातली ‘अ’ चौकट हातातून जाणार नसेल, आणि नव्या शॉटसाठी ‘काम’ एका वाक्यात सांगता येत असेल, तर अवश्य घ्या.

निर्णय दिग्दर्शक, कॅमेरामन आणि एडिटिंग करणारा अशा तिघांनी पाच मिनिटांत घ्यावा. सगळ्या गटाची सभा भरवली की उजेड जातो.

तपासणी : बदल पक्का करण्यापूर्वी तीन प्रश्न. माहितीचा क्रम तोच राहिला का? चालण्याची आणि नजरेची दिशा तीच आहे का? पुढच्या चौकटीत याचा मागमूस दिसतो का?

खबरदारी : गोंधळ झाला म्हणून ‘सगळीकडून सगळं घेऊन ठेवू’ असे कधीही करू नका. त्यात वेळ जातो आणि नेमका ९ सारखा, बाजूने घ्यावा लागणारा शॉट राहून जातो.

टप्पा ८ : नोंद आणि आवाज

मूळ चौकट खोडू नका. लाल पेनाने बदल लिहा, कारण लिहा, आणि नवीन शॉटला ‘११अ’ असा क्रमांक द्या. मूळ क्रमांक कधीही बदलायचे नाहीत, नाहीतर क्लॅपवरचे आकडे आणि फाइल यांचा मेळ बसत नाही. प्रत्येक टेकला कृतीच्या आधी आणि नंतर पाच सेकंद मोकळी ठेवा. जागा सोडण्यापूर्वी सर्वांना स्तब्ध उभे करून त्या जागेचा एक मिनिटभर रूम टोन, म्हणजे कोणी बोलत-हलत नसतानाचा तिथला आवाज, घ्या. ओटा आणि घराचा आतला भाग यांचा वेगवेगळा.

टप्पा ९ : त्याच रात्री कच्ची जोडणी

फाइली दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर उतरवा आणि दोन्हीकडून उघडून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड पुसू नका. मग टप्पा ५ ची टाइमलाइन उघडून प्रत्येक कार्डाच्या जागी खरा शॉट बसवा. ज्याचा शॉट मिळाला नाही त्याचे कार्ड तसेच राहू द्या. ही जोडणी आवाज बंद करून एकदा आणि चित्र बंद करून एकदा पाहा, म्हणजे कुठे माहिती गळते ते दिसते. उरलेल्या कार्डांची यादी हीच पॅच शूटची, म्हणजे राहिलेल्या शॉटच्या चित्रीकरणाची, यादी.

पॅच शूट फाट्याच्या चौकटींबरोबर दुसऱ्या पहाटेच उरकता आले तर उत्तम. तोवर किल्ली, तिचा दोरा, कुलूप, बांगड्या आणि कपडे एका पिशवीत बंद ठेवा. कपडे धुऊ नका, आणि मालकाला त्याचे कुलूप परत हवे असेल तर अगदी तसेच दुसरे आधीच विकत घ्या.

प्रकल्पासोबत सादर करायचा तो हाच लाल पेनाच्या खुणांचा बोर्ड. चित्रीकरणानंतर तयार चित्रपट पाहून नवा, स्वच्छ स्टोरीबोर्ड काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती सोडावी. तपासणाऱ्याला तो बनाव लगेच ओळखू येतो, आणि तुम्ही कोणत्या कारणाने काय बदलले हे दाखवणारा एकमेव कागद त्यात नाहीसा होतो.